खिंडीतला हॉर्न

राहीबाईंनी चपला काढून चाकाशेजारी ठेवल्या आणि वर बघितलं. ट्रकचा दरवाजा त्यांच्या डोक्याच्याही वर होता. पायरीचा पत्रा गंजून एका बाजूनं लोंबत होता.

"चपला कशाला काढल्यास?" हौसेराव म्हणाले. "खाली सगळा लोखंडाचा चुरा पडलाय."

"दसऱ्याला हिची पूजा करत व्हता न्हवं तुमी? मग चपला घालून कशी चढू?"

हौसेरावांनी वाकून खांदा पुढे केला. राहीबाईंनी त्यावर हात टेकला, दुसऱ्या हातानं दांडी धरली आणि गुडघ्याला दोन शब्द ऐकवत त्या वर चढल्या. नवऱ्याचं सगळं तरुणपण या गाडीत गेलं होतं. त्या मात्र आज पहिल्यांदाच तिच्यात बसत होत्या.

सकाळी सितारामचा फोन आला होता. हौसेरावांच्या जोडीला दुसरा ड्रायव्हर म्हणून त्यानं बरीच वर्षं काढली होती. आता तो कळंबोलीत लोखंड बाजाराच्या मागे, जुन्या गाड्या तोडायच्या यार्डावर देखरेखीला होता. "हौसेराव, तुमची लक्ष्मी आलीय माझ्या दारात. उद्या कटर लागंल. यायचं तर आजच या," एवढंच तो म्हणाला. हौसेराव पायात बूट अडकवत होते तेव्हा राहीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी पन येते."

हौसेरावांना नवल वाटलं. उमेदीची वर्षं ते रस्त्यावर होते आणि राहीबाई गावाकडे शेत, म्हैस आणि सासू सांभाळत होत्या. महिन्या-पंधरा दिवसांनी ते एखादी रात्र घरी टेकायचे, तीही बहुतेक झोपेत जायची. आता मुलाच्या, उदयसिंहच्या फ्लॅटमध्ये दोघं दिवसभर समोरासमोर असत. भांडण नव्हतं, राग नव्हता; बोलायलाच काही सापडत नसे. सोसायटीच्या बाकावर हौसेराव रस्त्याच्या गोष्टी सांगत बसले की माणसं हलत नसत. घरात आले की ते टीव्ही लावत.

यार्डात पोचल्यावर गाडी ओळखायला हौसेरावांना नंबर बघावा लागला नाही. मधल्या मालकांनी तिला पिवळा रंग फासला होता, बाजूचे लाकडी फाळके बदलले होते, पण इंजिनाचं पुढं काढलेलं नाक तेच होतं आणि उजव्या मडगार्डवरचा कात्रजच्या बोगद्यात बसलेला पोचाही तसाच होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला होता, आणि मगच राहीबाईंना चढायला सांगितलं होतं.

आता ते स्टेअरिंगमागे बसले. सीटचा काथ्या बाहेर आला होता. हात आपोआप गिअरच्या दांड्यावर गेला.

"इथं इंजिनाच्या झाकणावर डबा ठेवायचो," ते म्हणाले. "बंगळूरपर्यंत भाकरी गरम राहायची. इंजिन एवढं तापायचं, की थंडीत सिताराम इथंच पाय लावून बसायचा."

"पायाची सालं निगाली व्हती माझी!" खाली खिडकीशी चहाचा ग्लास घेऊन उभा असलेला सिताराम हसला. "आन त्यो तंबाखूचा किस्सा सांगा की वैनीला."

"वायपर बंद पडला की पावसात काचेला तंबाखू चोळायची. पाणी धरत नाही मग काच. एकदा निपाणीच्या पुढं असली झोडपली पावसानं, की खायची होती नव्हती ती सगळी काचेला गेली. कोल्हापूर येईस्तोवर हा माझ्याशी बोलला नाही."

राहीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. हौसेरावांनी त्यांच्याकडे बघितलं. ही हसताना डोळे मिटते, हे ते जणू विसरूनच गेले होते.

राहीबाईंनी हात लांब केला आणि स्टेअरिंगच्या मधल्या गोल चकतीवर बोट ठेवलं.

"ह्योच का त्यो हॉर्न?"

"हां. आता कुठला वाजतोय. बॅटरी केव्हाच काढून नेली."

"खंबाटकी उतरून आलं, की आपल्या गावच्या खिंडीत वाजायचा."

"तुला ऐकू यायचा?"

"यायचा म्हंजी?" राहीबाईंनी बोट मागं घेतलं. "खुरपत असले, की खुरपं तितंच टाकायची. उदय काखंला असायचा. पळत बांधावर जायची. आंब्याच्या झाडातनं गाडीचं टप तेवढं दिसायचं, जाताना. हात न्हाय केला कदी. सासूबाई असायच्या वाफ्यात. गाडी दिसंनाशी झाली की परत खुरपं. तेवढ्यावर म्हैना जायचा."

हौसेरावांचा हात गिअरवर तसाच राहिला.

"अवो वैनी," सिताराम खालून मोठ्यानं म्हणाला, "त्यो हॉर्न तर वाघजाईला! खिंडीत देऊळ हाय न्हवं? जानारा येनारा झाडून सगळा ड्रायव्हर तितं देवीला—"

"सिताराम," हौसेराव म्हणाले, "चहा गार झाला. दुसरा सांग."

सितारामनं त्यांच्याकडे बघितलं. मग हातातल्या ग्लासातला वाफाळता चहा त्यानं मुकाट्यानं बाजूला ओतला आणि तो टपरीकडे निघून गेला.

यार्डाच्या पलीकडच्या टोकाला कटर चालू होता. हौसेराव समोरच्या काचेतून बघत राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. नुसतं 'हो, तुझ्यासाठीच' म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी गिअरचा दांडा उगाच एकदा पुढेमागे केला.

"देवीला वाजवायचं, त्ये म्हाईत हाय मला," राहीबाई शांतपणे म्हणाल्या. "सारा जल्म त्या खिंडीखाली गेला माझा. सगळ्यांच्या गाड्या देवळापाशी एकदा वाजायच्या. तुमची देवळापाशी वाजायची, आन खाली वळनावर, आपल्या शेताच्या अंगाला, परत एकदा. आखूड. म्हनून तर कळायचं."

"ओढ्याच्या वळणावर?"

"हां."

हौसेरावांनी तो रस्ता मनातल्या मनात पुन्हा उतरवला. देऊळ, मग उतार, मग ओढा. त्या वळणावर आडवा रस्ता नव्हता, वस्ती नव्हती, समोरचं सगळं लख्ख दिसत असे. हॉर्नला हात लावायचं तिथं काहीच कारण नव्हतं. तरी राहीबाई सांगत होत्या ते खरं होतं, हात जायचा. कधीपासून, ते त्यांना आठवेना. गाडी शिकवणाऱ्या उस्तादानं हे शिकवलेलं नव्हतं. हाताला त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "कुठं उभी राहायचीस?"

राहीबाईंनी काचेतून बोट दाखवलं. समोर तोडलेल्या गाड्यांच्या चासींचा ढीग होता.

"तिकडं. जांभळीच्या जरा अलीकडं."

हौसेराव पुढं झुकून तिकडे बघत राहिले.

"दिसायला पाहिजे होतीस गं," ते म्हणाले. "गाडी उतारावर असायची. नजर रस्त्यावर."

"मग? रस्त्यावरच पायजे नजर," राहीबाई म्हणाल्या, आणि पदर सावरून सीटला पाठ लावून नीट बसल्या.