भिंतीमागची कडी

कॉफी विचारायची नाही, हे दोनाताने सकाळीच ठरवलं होतं. घरी आलेल्या माणसाला कॉफी न विचारणं म्हणजे त्या गावात तोंडावर थुंकण्यासारखंच. आले होते तिघं: धाकटी बहीण एर्सीलिया, घर बघायला मिलानहून आलेला गास्ताल्दी नावाचा गृहस्थ आणि हातोडा घेतलेला एक गवंडी. तिघांनाही तिने उभंच ठेवलं.

गास्ताल्दीने समुद्राकडच्या भिंतीवर बोटं वाजवली. "इथे खिडकी होती म्हणालात ना? ही उघडली की खाली थेट समुद्र. लोक त्याच्यासाठीच तर येतात इथे."

"येतात आणि कड्यावरून मुततात," दोनाता म्हणाली.

"तिचं मनावर घेऊ नका," एर्सीलिया त्याला म्हणाली. "शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला. पोरांवर ओरडून ओरडून जीभ अशी झालीय."

"जीभ अशी झाली ती आईचं अकरा वर्षं गू-मूत काढून. तू तेव्हा तोरिनोत बसून नाताळची कार्डं पाठवत होतीस."

"बोलावलं होतंस मला?"

दोनाताने बोलावलं नव्हतं. आई शेवटच्या महिन्यात धाकटीचं नाव घ्यायची, तेव्हासुद्धा नाही.

घर दोघींच्या नावावर होतं. विकायचं की नाही ते पुढे बघू, पण भिंत फोडून मागे काय आहे ते बघायचा मला हक्क आहे, असं एर्सीलियाने वकिलाकडून कळवलं होतं. म्हणून दोनाताने दार उघडलं होतं, एवढंच.

त्या खिडकीतून त्यांचा भाऊ पडला होता. कोलिनो, तीन वर्षांचा. दोनाता तेव्हा तेरा वर्षांची, एर्सीलिया नऊ. आई बदाम सोलायच्या कामाला गेलेली, आणि भावाकडे बघायला एर्सीलियाला सांगून गेलेली. आई परत आली तेव्हा खाली होड्यांपाशी माणसं जमली होती. आठवड्याच्या आत वडिलांनी आतून दगड रचून खिडकी बुजवली. खिडकी एर्सीलियाने उघडली, असं घरात ठरलं, मग गल्लीत ठरलं, मग गावात. हिवाळ्याच्या आधी तिची तोरिनोच्या मावशीकडे रवानगी झाली.

गवंड्याने गिलावा पाडला. दगड निघू लागले. धुळीने खोली भरली, आणि मागे खिडकीची जुनी फळ्यांची दारं दिसली, मिठाने पांढरी पडलेली. वडिलांनी ती काढलीच नव्हती. वरच्या अंगाला लोखंडी कडी होती, गंजून तांबडी झालेली.

"सिन्योर गास्ताल्दी, तुम्ही जरा गच्ची बघून या," एर्सीलिया म्हणाली. "आणि यांनाही घेऊन जा."

दोघं गेले. एर्सीलिया दगडांच्या ढिगावरून पुढे झाली, खिडकीपाशी उभी राहिली आणि तिने हात वर केला. ती आईसारखी बुटकी. बासष्टाव्या वर्षीही कडीला हात लावायला तिला टाचा उंच कराव्या लागल्या.

"मला आठवत होतं तेवढीच उंच आहे," ती म्हणाली.

"स्टूल घेतलं असशील," दोनाता म्हणाली.

"स्टूल नव्हतंच. आई म्हणाली स्टूल घेतलं असेल, मग सगळ्यांना स्टूल दिसायला लागलं. मलाही दिसायला लागलं. तिशी उलटेपर्यंत मी ते स्टूल स्वप्नात बघत होते, दोनाता."

दोनाता उंच होती. तेराव्या वर्षीच ती वडिलांच्या खांद्याला लागत होती.

"मासळी धुतलेलं पाणी टाकायला उघडली होती," ती म्हणाली. तिचा आवाज तसाच होता, कोरडा, भांडल्यासारखा. "खाली गल्लीतून रोझेल्लाने हाक मारली. मी पळाले. कडी घालायची राहिली."

"आणि आईने मला मारलं तेव्हा?"

"कोपऱ्यात उभी होते."

"बघत?"

"हो. बघत."

एर्सीलियाने एक शिवी दिली, गावच्या बोलीतली, तोरिनोत कुणाला कळली नसती अशी. मग हातातली पर्स झटकली. "घर विक, नाहीतर पेटवून दे. मला भिंत पडलेली बघायची होती. वडील गेले तेव्हा आले होते, आठवतं? प्रेतामागे या गल्लीतून चालले, एकाही बाईने हात पुढे केला नाही. उद्यापासून या गावाचं तोंड बघणार नाही."

ती जिना उतरली. दोनाता मागोमाग उतरली. संध्याकाळ झाली होती, गल्लीत दारोदार खुर्च्या मांडून बायका बसल्या होत्या. मधोमध नव्वदीची कन्चेत्ता मावशी होती. एर्सीलियाला बघून तिने तोंड वळवलं.

"मावशी, इकडे बघा," दोनाता म्हणाली. "खिडकी मी उघडी टाकली होती. हिने नाही. मी."

कुणीतरी शेंगा सोलत होतं, ते थांबलं.

"काय बोलतेस तू?" कन्चेत्ता म्हणाली.

"जे ऐकलंत तेच. मी उघडली. मार हिने खाल्ला, मी गप्प बसले. सगळ्यांनी ऐकलं ना? का परत सांगू?"

दोनाताने बहिणीकडे पाहिलं. एर्सीलियाचे डोळे कोरडेच होते.

"हे आई असताना बोलायचं होतंस," ती म्हणाली, आणि चौकातल्या गाडीकडे निघाली. गास्ताल्दी गच्चीवरून उतरून तिच्यामागे धावला. गवंडी हातोडा खांद्यावर टाकून गेला. गाडी सुरू होऊन वळणापलीकडे जाईपर्यंत दोनाता तिथेच उभी राहिली.

मग ती फिरली. कन्चेत्ता मावशी उठली होती. तिने एका हाताने भिंत धरली, दुसऱ्याने खुर्ची ओढत उंबऱ्याच्या आत नेली आणि दार लावलं. मग शेजारचं दार लागलं. मग समोरचं. दोनाता आपल्या नेहमीच्या चालीने, गल्लीच्या मधून, घराकडे चालत राहिली.