नळांतलं गुलाबी पाणी

मी एक जुनी घरगाडी आहे, आणि जुनी असूनही माझी चाकं जवळजवळ कोरी आहेत. माझं सगळं दुःख यातच आलं, मित्रांनो!

माझा जन्म अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या एका कारखान्यात झाला. आत ओटा, न्हाणीघर, पलंग आणि पुढे ही भली मोठी काच! काय रुबाब होता माझा! आयोवा राज्यातल्या लोवेलने मला अंगणात आणून उभं केलं, तेव्हा त्याची बायको नॅडीन माझ्या तिन्ही पायऱ्या एका दमात चढली. लोवेल शाळेच्या बस दुरुस्त करायचा, नॅडीन त्याच शाळेत मुलांसाठी स्वयंपाक करायची. नोकरी सोडायची, घर विकायचं आणि कायमचं माझ्यात राहायचं, असा त्यांचा बेत होता. नॅडीनला सगळ्यात आधी बघायचं होतं ॲरिझोनाचं वाळवंट, वसंतात फुललेलं.

पण पहिल्याच वर्षी लोवेल पलंगावर आडवा झाला आणि कण्हत उठला.

"ही गादी आहे की फरशी? नोकरी चालू आहे तोवर चांगली गादी घेऊ. एकच वर्ष थांबू."

"थांब बाबा," नॅडीन हसली. "तुझी पाठ म्हणजे राजाची पाठ!"

आमच्याकडे हिवाळ्यात पाणी गोठून नळ फुटतात. म्हणून जी गाडी अंगणातच राहणार, तिच्या नळांत न गोठणारं गुलाबी पाणी भरतात. लोवेलने ते भरलं आणि मला कळलं, यंदा जायचं नाही.

पुढच्या वर्षी मागे रेलणारी खुर्ची आली. मग कपडे धुवायचं यंत्र. मग आणखी एक हीटर. दरवर्षी मी जास्त आरामशीर व्हायची आणि दरवर्षी माझ्या पोटात ते गुलाबी पाणी पडायचं. लोवेल मला इतकं चकचकीत ठेवायचा, की शेजारी कौतुक करून थकायचे. मी नटून बसलेली, पण वरातच निघत नव्हती!

सहाव्या वर्षी मी एक गोष्ट पाहिली. नॅडीन माझी काच पुसायची आणि तिच्या अगदी डोळ्यांसमोरचा डाग तसाच राहायचा. पुन्हा पुसायची, पुन्हा राहायचा. तिच्या डोळ्यांचं काहीतरी बिघडलंय, हे मला कळलं. पण सांगणार कशी? माझ्याकडे भोंगा आहे, मित्रांनो, पण तो दाबायला माणूस लागतो.

वर्षभराने ती माझ्या पायरीवरून पडली, तेव्हा कुठे डॉक्टरांना दाखवलं. नजरेचा मधला भाग विझत चालला होता. गेलेलं परत येणार नव्हतं.

तरी शरद आला आणि लोवेल सवयीने गुलाबी पाण्याचा कॅन घेऊन आला.

"ठेव तो खाली," नॅडीन म्हणाली.

"दोनच वर्षं, नॅडीन. मग पूर्ण पेन्शन, आणि..."

"आणि मग काय? वाळवंट मला वाचून दाखवशील?"

लोवेलने कॅन खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने नोकरी सोडली. निघताना ट्रकच्या वजनकाट्यावर मी ठरलेल्या वजनापेक्षा जड भरले, इतकी सुखं भरली होती त्याने माझ्यात! खुर्ची आणि यंत्र, दोन्ही शेजाऱ्याच्या दारात उतरवावी लागली.

मार्चमध्ये वाळवंट फुललं. नॅडीन माझ्या काचेसमोर बसली. मान वळवून, डोळ्यांच्या कडेने बघत राहिली.

"निवडुंगाला फुलं आलीत ना? रंग कुठला रे?"

"गुलाबी."

"कसला गुलाबी? नीट सांग की!"

लोवेलला वर्णनं कधीच जमली नाहीत. "आपल्या... नळांतल्या पाण्यासारखा," तो म्हणाला.

नॅडीन खळखळून हसली. मग पुन्हा मान वळवून बघू लागली. लोवेलने फडकं घेतलं आणि काच पुसायला लागला. काच लख्ख होती, डाग तिच्या नजरेत होता. पण ते त्याला कोण सांगणार?

मित्रांनो, गाडीची निगा जरूर राखा, पण तिची चाकं झिजू द्या. आणि तुमच्या घरी कुणी "अजून एकच वर्ष" म्हणालं, तर माझ्या वाटचा भोंगा तेवढा तुम्ही वाजवा.