वडिलांच्या माउझरची नळी

शिकारीच्या मोसमाआधीच्या चाचणीत सोल्वी तिसऱ्यांदा नापास झाली. शंभर मीटरवरच्या कागदी मूसवर, म्हणजे थोराड हरणाच्या चित्रावर, झाडलेल्या पाच गोळ्यांपैकी दोन भलतीकडे गेल्या आणि एक चक्क आडवी घुसली. भोक गोल नव्हतं, बोटाएवढं लांबट होतं. चांदमारीवरच्या सगळ्यांनी ते पाहिलं.

टोळीचा म्होरक्या रोआर जवळ आला. "गेल्या वर्षी तू त्या मादीचा जबडा उडवलास. दोन दिवस दलदल तुडवली आम्ही. सापडली तेव्हा जिवंत होती."

"मी होते तिथे."

"मग ही बंदूक घेऊन माझ्या टोळीत यायचं नाही. नवी घे, नाहीतर भिंतीला टांग ती."

दुसऱ्या दिवशी ती वडिलांची जुनी जर्मन माउझर बंदूक घेऊन आस्मुंडकडे गेली. हा म्हातारा ग्रोंग गावातल्या सगळ्यांच्या बंदुका दुरुस्त करायचा. त्याने बोल्ट काढला, नळी खिडकीकडे धरून आत डोळा लावला.

"गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा झिजून गेल्यात. आता नुसता पाइप राहिलाय," तो म्हणाला. "बाकी बंदूक अजून शंभर वर्षं जाईल. नवी नळी बसवतो म्हटलं तर बसेल. पण तेवढ्या पैशांत कोरी बंदूक येते, दुर्बिणीसकट. आणि नळी बदलली की जुन्या वस्तू जमवणारे हिच्याकडे ढुंकून बघणार नाहीत. ठरव तू."

सोल्वीला ठरवता येईना. वडिलांनी चाळीस मोसम हीच वापरली होती आणि चौदाव्या वर्षी तिच्या खांद्याला हीच लावली होती. दुसरी कुठलीही बंदूक उचलली की तिला उसने बूट घातल्यासारखं वाटायचं.

तेवढ्यात, ती इथे आल्याचं ऐकून, तिचा थोरला भाऊ होवर दार उघडून आत आला. निवृत्त शिक्षक. शिकार त्याने कधी केली नव्हती. पण दर मे महिन्यात, जर्मनांच्या तावडीतून देश सुटला त्या दिवशी, तो शाळेतल्या सभेत एक गोष्ट सांगायचा. एकोणीस वर्षांच्या वडिलांनी पुलावर एका जर्मन सैनिकाच्या हातून ही बंदूक कशी हिसकावली, त्याची.

"त्या नळीला हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"बाबांनी मला दिलीय ती. परवाना माझ्या नावावर आहे."

"परवान्याचं सोड. युद्ध आहे त्या नळीत."

"गंज आहे."

"तुला मांसाशी मतलब. आणि त्या मादीचे हाल बंदुकीमुळे झाले नाहीत, सोल्वी. तुझेच हात थरथरतात. बाबांनी चुकीच्या पोराला दिली बंदूक."

पंधरा वर्षांची असताना तिने वडिलांना विचारलं होतं, की जर्मन बंदुकीत अमेरिकन गोळी कशी बसते. वडिलांनी खरं काय ते सांगितलं आणि म्हणाले, होवरला कळू देऊ नकोस, तो पुलाची गोष्ट शाळेत सांगत फिरतो. चाळीस वर्षं तिने ते पाळलं होतं.

आता तिने बंदूक भावासमोर सरकवली. "नळीवरचा आकडा वाच."

"सात पॉइंट बासष्ट."

"जर्मनांची गोळी सात पॉइंट ब्याण्णव मिलिमीटरची. ही नळी त्यांची नाहीच. युद्धानंतर आपल्याच सैन्याने अमेरिकन गोळीसाठी बसवलीय. बाबांना ही बंदूक चौपन्न साली होमगार्डच्या कोठारातून मिळाली, सही करून. पूल नाही, सैनिक नाही. मी पंधरा वर्षांची असताना त्यांनीच सांगितलं मला."

"खोटं बोलतेस." त्याने आस्मुंडकडे पाहिलं.

आस्मुंडने नळीवरच्या आकड्यावरून फडकं फिरवलं. "आकडा खोटा नाही, होवर."

होवरने बंदूक परत ढकलली. "चाळीस वर्षं. दरवर्षी सभेत पुढच्या रांगेत बसून हसत होतीस मला."

"कधी हसले नाही."

ते बहुतेक खरं होतं. दोनतीनदा तिला हसू आलं होतं.

"माझ्या दारात पाऊल टाकू नकोस यापुढे," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्याच्या गाडीचा आवाज दूर गेला. मग सोल्वी म्हणाली, "बसवा नवी. एकदा बदललेलीच आहे."

तीन आठवड्यांनी तिच्या पाचही गोळ्या मूसच्या छातीत लागल्या. रोआरने चाचणीच्या कागदावर सही केली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दलदलीच्या काठाला एक नर उभा राहिला. तिने एकच गोळी झाडली. तो तीन पावलं चालला आणि कोसळला. कातडं सोलताना रोआर एवढंच म्हणाला, "या वेळी शोधायला नको."

दरवर्षी तिच्या वाट्याच्या मांसातला, मागच्या तंगडीचा एक मोठा तुकडा होवरकडे जायचा. याही वर्षी तिने तो बाजूला काढला, फडक्यात गुंडाळला आणि त्याच्या घरी गेली. त्याने दार उघडलं, तिच्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं.

"सांगितलं होतं तुला," तो म्हणाला.

"मांस तुझंही आहे."

त्याने दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला.

गाठोडं चांगलं जड होतं. ते खांद्यावर घेऊन सोल्वी चढावरून चालत घरी आली, मांस कापून फ्रीजरमध्ये भरलं, बंदूक पुसली आणि रोआरला कळवलं, की उद्या सकाळी शिकारीला येते.