गोजराआत्याचे धवले, सात जीबी

महापेच्या कंपनीत धनेशला सगळे स्टोरेजवाला म्हणायचे. कुठला डेटा कुठे ठेवायचा, कशात ठेवायचा आणि मुख्य म्हणजे त्याला कोणाला हात लावू द्यायचा नाही, हे तो ठरवायचा. कंपनीतल्या झाडून सगळ्या लॅपटॉपमध्ये पेनड्राइव्ह चालणं त्याने बंद करून टाकलं होतं, स्वतःच्या लॅपटॉपसकट. या कामगिरीबद्दल कंपनीने त्याला बक्षीस दिलं. ते बक्षीस म्हणजे कंपनीचं नाव छापलेला चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह.

तळवलीत त्याची आत्या गोजरा ही धवलारीण, म्हणजे लग्नातली गाणी म्हणणारी. लग्नात प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि ते सगळे तिला तोंडपाठ. चाळीस वर्षं तिच्याशिवाय गावात हळद लागली नव्हती. मग गेल्या वर्षी गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागेल, आणि नंतर आवाज राहील की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनच्या आधी धवले रेकॉर्ड करून ठेवावेत, ही कल्पना धनेशची. आत्या आधी तयार नव्हती. मांडव नाही, नवरी नाही, नुसत्या भिंतीसमोर बसून कशी गाऊ, असं तिचं म्हणणं. त्यावर धनेशने तिला डेटा जपण्याचं महत्त्व तासभर समजावलं. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. शेवटी तिची नात मनस्वी सहज बोलून गेली की आजी नाही गायली तर माझ्या हळदीला काशीला बोलवावं लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आंघोळ करून, नाकात नथ घालून कॅमेऱ्यासमोर बसली.

काशी ही वरच्या आळीतली दुसरी धवलारीण. दोघींचं बोलणं कधीपासून बंद होतं ते गावात कोणाला आठवत नव्हतं, पण कशावरून ते सगळ्यांना माहीत होतं. आमंत्रणाच्या धवल्यात लग्नाला बोलवायचं ते आधी गावदेवीला, असं गोजरा म्हणायची. काशी म्हणायची, आधी चंद्र-सूर्य, मग गावदेवी. आता गोजराचा धवला कायमचा राहणार होता, म्हणजे वादच मिटला. ती सलग तीन तास गायली.

धनेशने तीन तासांचं सगळं एकसंध, उत्तम दर्जाचं ठेवलं. तुकडे करणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. सात जीबीची एकच फाईल झाली. मनस्वीच्या लॅपटॉपवरून त्याने ती बक्षिसाच्या पेनड्राइव्हवर घेतली आणि पेनड्राइव्ह कपाटात, आईच्या दागिन्यांशेजारी ठेवला.

ऑपरेशन नीट झालं. आत्या वाचली, आवाज गेला. बोलली की कोरड्या पेंढ्यावर पाय पडल्यासारखं ऐकू यायचं.

मनस्वीची हळद रविवारी होती. मुहूर्त दुपारी चारचा. साडेतीनला धनेश पेनड्राइव्ह घेऊन गंगारामच्या साऊंड सिस्टीमपाशी गेला. गंगाराम पंचक्रोशीतल्या हळदींना स्पीकर आणि पडदा लावायचा. त्याने पेनड्राइव्ह खोचला. गाणी वाजवायच्या डब्यावर लाल अक्षरांत आलं की काही जोडलेलंच नाही. त्याने काढून फुंकर मारली, पुन्हा खोचला. पुन्हा तेच.

धनेशने फुंकर मारायला मनाई केली आणि कारण सांगितलं. पेनड्राइव्हवर फायली कशा लावून ठेवायच्या याच्या पद्धती असतात, त्याला फाईल सिस्टीम म्हणतात. त्याची नव्या पद्धतीची आहे आणि गंगारामचा डबा फक्त जुनी ओळखतो. जुनीत चार जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही, म्हणूनच तर त्याने नवी घेतली. गंगारामने शांतपणे ऐकून घेतलं.

"गानी हायत ना यात?" त्याने विचारलं. "मग एमपीथ्री करून आन. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलास तरी चालंल."

चाळीस वर्षांच्या साधनेची एमपीथ्री करायची, हे धनेशला ऐकवलंही नाही. तो लॅपटॉप आणायला निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. त्याच्या लॅपटॉपमध्ये पेनड्राइव्ह चालत नव्हता. मनस्वीचा लॅपटॉप, मूळ रेकॉर्डिंगसकट, सकाळीच नवरीच्या सामानाबरोबर जुईनगरला सासरी गेला होता.

घणसोलीत मुख्तारचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे एक जुना कॉम्प्युटर होता. धनेशने स्कूटर काढली. मुख्तारने फाईल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, दोन मिनिटं ऐकली आणि म्हणाला, "धनेशभाऊ, आवाज तेवढा वेगळा काढतो. दहा मिनिटांचं काम आहे. तुमचा डबा आनंदाने वाजवेल."

धनेशने नकार दिला. चित्र नसलं तर आत्याचे हात दिसणार नाहीत आणि हातांशिवाय धवला अपुरा, असं त्याने सांगितलं. ते खरंही होतं. त्याने पेनड्राइव्ह पुसून जुन्या पद्धतीचा करायला घेतला. पण चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने करून द्यायला मुख्तारचा कॉम्प्युटर तयार नव्हता, यादीत तो पर्यायच येईना. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर उतरवावं लागलं. मग फाईल चढवायला घेतली, तर ती फार मोठी आहे म्हणून कॉम्प्युटरने नाकारली. जी मर्यादा धनेशने तासाभरापूर्वी गंगारामला समजावली होती, तीच. मुख्तारने त्याच्यासाठी चहा मागवला. मग फाईलचे दोन तुकडे करणं आलं. जुना कॉम्प्युटर आपल्या गतीने चालला होता. मधे दोनदा घरून फोन आला. दोन्ही वेळा धनेशने झालंच म्हणून सांगितलं.

इकडे मांडवात बायका हळदीच्या वाट्या घेऊन बसल्या होत्या. साडेचार झाले, पावणेपाच झाले. धवल्याशिवाय हळद लावायला कोणी तयार होईना. गोजराने एकदा स्वतः सुरुवात करून पाहिली. शेजारच्या बाईला वाटलं तिला ठसका लागला, म्हणून तिने पाणी पुढे केलं. गोजराने पाणी प्यायलं, पदराने तोंड पुसलं आणि मनस्वीच्या आईला म्हणाली, "काशीला हाक मार."

काशी पाच मिनिटांत आली. नवं लुगडं नेसून, केसांत फूल माळून. जणू बोलावणं येणार हे तिला माहीत होतं, किंवा रोज याच वेळी ती तयार होऊन बसत होती. ती गोजराच्या शेजारी पाटावर बसली आणि गायला लागली. आमंत्रणाचा धवला आला तेव्हा सगळ्या बायका गोजराकडे बघत होत्या. काशीने आधी चंद्र-सूर्याला बोलावलं. गोजरा मान खाली घालून ताल धरून होती, तिचा हात कुठे चुकला नाही.

धनेश आला तेव्हा सहा वाजायला आले होते. मनस्वी पिवळीधमक होऊन फोटो काढून घेत होती. त्याचा पेनड्राइव्ह आता डब्याने पहिल्या झटक्यात ओळखला. पडद्यावर आत्या दिसायला लागली, नथ घातलेली, पण गंगारामने आवाज बंद ठेवला. जेवणावळ सुरू झाली होती आणि पोरांनी नाचायची गाणी लावायला सांगितली होती.

धनेश आत्यासमोर जाऊन उकिडवा बसला. त्याला रडू येत होतं. माझ्यामुळे झालं, असं काहीतरी तो म्हणाला. आत्याने त्याचं मनगट धरून त्याला जवळ ओढलं. आता ती काशीबद्दल काहीतरी बोलणार, असं वाटून त्याने कान पुढे केला.

"बरं झालं नाय वाजला तो," ती कानाशी घरघरली. "आमंत्रनाचं माजंच चुकलंय. माजी आय चंद्र-सूर्यालाच आधी बोलवायची. आज काशीचं ऐकलं तवा याद आली. तेवडं पुसून टाक. आन कुनाला सांगू नको."

चाळीस वर्षांची चूक. धनेशने कबूल केलं. दुसऱ्याच दिवशी जुईनगरला जाऊन त्याने मनस्वीच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हमधला तेवढा भाग काढला आणि मूळ रेकॉर्डिंगमधलाही. मग मुख्तारकडे गेला. मुख्तारने फाईल लगेच पुसून दिली आणि वर म्हणाला, "काळजी करू नका. काल तुम्ही गेल्यावर मला राहवलं नाही. आवाज वेगळा काढून गंगारामला पाठवून दिलाय."

गंगारामला ते धवले फारच आवडले होते. नुसते आवडले नव्हते, त्याने ते नेरूळच्या, कोपरखैरण्याच्या साऊंडवाल्यांनाही पाठवले होते. आता कुणाकुणाला पुसायला सांगू, असं तो म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

धनेशने काशीला बोलावून बरोबर धवला रेकॉर्ड केला. यावेळी छोटे छोटे तुकडे, कुठल्याही डब्यावर चालतील असे. ते खरंच सगळीकडे चालतात. कोणी मागत नाही. लोकांना गोजराचाच आवाज हवा असतो.

त्या लग्नसराईत पट्टीतल्या सगळ्या गावांत गावदेवीलाच आधी आमंत्रण गेलं. लहान मुलीही तसंच म्हणायला लागल्या. दोन्ही म्हाताऱ्यांना आता मानाने एकत्र बोलावतात आणि शेजारी बसवतात. स्पीकरवर तो धवला लागला की काशी गोजराकडे बघते. गोजरा तिच्यासाठी पानाला चुना लावत असते. ती मान वर करत नाही, पण पान मात्र मोठं देते.