दिवसाला एकच

मावशीने ताटावरचा फडका उचलला, दहापर्यंत आकडे मोजले आणि ताट पुन्हा झाकलं.

“हं, सांग.”

भिंगरीने भिंतीकडे तोंड केलं. साडेचार वर्षांची पोर. एरवी पाय एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून हे नाव पडलेलं. पण ताटाच्या वेळी खांबासारखी उभी राहायची.

“चाप. घड्याळ. निळं पेन. अत्तराची बाटली. चष्म्याची डबी. रुमाल. आईचा फोटो.”

“झालं?”

“झालं!”

झालं नव्हतं. ताटात आज आठ वस्तू होत्या. आठवं होतं मावशीचं टोपण, शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं, पत्र्याचं. वीस वर्षं ते तिच्या मधल्या बोटावर मुक्काम ठोकून होतं. रोज सगळं बरोबर आलं की मावशी मापाच्या खडूने भिंतीवर एक रेघ ओढायची. आज खडू हातातच राहिला.

खेळ तिनेच काढला होता. धाकटी बहीण नवरा वारल्यावर दूरच्या शहरात नर्स म्हणून लागली तेव्हा भिंगरी दीड वर्षाची होती. राहायला वसतिगृहातली एक खाट, तिथे पोर कुठे ठेवणार? “सहाच महिने गं ताई,” असं म्हणून गेली. त्या सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. पोर आईला विसरेल या धास्तीने मावशीने बहिणीच्या मागे राहिलेल्या सात वस्तू ताटात मांडल्या. आधी सगळी नावं घ्यायची, मग एक वस्तू लपवायची आणि कुठली गेली ते पोरीने ओळखायचं. पोर लबाड. सातही नावं घडाघडा घेऊन मोकळी व्हायची, एखादं तरी लागणारच! तेव्हा मावशीने कायदा केला: दिवसाला एकच उत्तर. चुकलं तर उद्या. आणि ओळखेपर्यंत लपवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. मग भिंगरी जेवतानाही त्या वस्तूच्या मागावर असायची. मावशीला तेच हवं होतं.

काम चोख झालं. पोरीला आई तोंडपाठ झाली. आता बहिणीला दोन खोल्या मिळाल्या होत्या आणि उद्या ती लेकीला न्यायला येणार होती. माय मरो नि मावशी जगो, असं म्हणणाऱ्यांनी माय धडधाकट परत आली तर मावशीने काय करायचं, हे काही सांगून ठेवलेलं नाही.

चार दिवसांपूर्वी बालवाडीच्या बाई बाह्या आखूड करून घ्यायला आल्या होत्या.

“नेतायत का तिला? बरं झालं. या वयातलं काही राहत नाही हो डोक्यात, पाटीवरचं पाणी. महिन्याभरात रुळेल बघा.”

मावशीच्या ओठांत टाचण्या होत्या, म्हणून उत्तर द्यायचं वाचलं. बाईंच्या बाह्या मात्र बोटभर जास्तच आखूड झाल्या.

“पुन्हा एकदा,” मावशी म्हणाली. फडक्याखाली हात घालून तिने टोपण काढलं आणि मुठीत धरलं. “आता बघ. काय गेलं?”

भिंगरीने ताटावर नजर फिरवली. “काहीच नाही.”

“नीट बघ.”

“सात आहेत. मोज हवं तर.”

“माझं टोपण नव्हतं इथे?”

“ते कुठे खेळातलं? ते तुझंय.”

“माझं असलं म्हणून काय झालं? मला लक्षात ठेवायला नको?”

भिंगरीने कपाळावर हात मारला, अगदी मावशी मारायची तसा. “अगं मावशी, जे इथे नसतं ना, त्याचं ताट असतं. तू तर आहेस!”

“हो गं वकीलसाहेब,” मावशी म्हणाली. टोपण बोटात घालून ती शिवणयंत्रावर बसली आणि पायडल मारू लागली. सुईखाली कापड ठेवायचं राहिलंय हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बहीण आली तेव्हा भिंगरी यंत्रामागे दडली. बहिणीचा चेहरा उतरला. मग मावशीने ताट पुढे केलं आणि पोर एकेक वस्तू उचलून आईच्या हातात देत गेली.

“हा तुझा चाप. हे घड्याळ, तुझ्याकडून पडलं होतं, म्हणून काच फुटली. हे पेन तू चावलंयस.”

“ताई, हिला सगळं ठाऊक आहे गं!”

“नसायला काय झालं? रोजची उजळणी आहे.” मावशीने टोपण काढून यंत्राच्या कडेला ठेवलं आणि भिंगरीची वेणी घालायला घेतली. आज वेणी तीनदा सोडून चौथ्यांदा जमली.

सातही वस्तू मालकिणीच्या पिशवीत गेल्या. खाली गाडीवाला भोंगा वाजवायला लागला. दारातून भिंगरी मागे फिरली.

“मावशी, भिंतीकडे तोंड कर.”

“आत्ता? अगं, गाडी...”

“कर ना! डोळे मीट. आज माझा डाव.”

मावशी खडूच्या रेघांसमोर डोळे मिटून उभी राहिली. मागे पावलं धावली, काहीतरी किणकिणलं.

“काय गेलं ते फोनवर सांग. पण दिवसाला एकच हं!” आवाज जिन्याच्या खालच्या पायरीवरून आला.

मावशी वळली तेव्हा घरातून इतकं काही गेलेलं होतं, की शोधायला कुठून सुरुवात करावी तेच कळेना.

संध्याकाळी ती एका कोटाची गुंडी लावायला बसली. टोपणासाठी बोट यंत्राच्या कडेला गेलं आणि रिकामंच परत आलं. तिने तसाच टाका घातला. सुई खोल गेली. मावशीने बोट तोंडात धरलं आणि ते बराच वेळ तसंच राहू दिलं.

सात वाजता फोन वाजला. तीन वर्षं या वेळचा फोन भिंगरीसाठी यायचा.

“मावशी! सांग, काय गेलं?”

मावशीने बोटाला बांधलेल्या चिंधीकडे पाहिलं.

“थांब, आठवू दे. कात्री?”

“चूऽऽक!” पलीकडे उड्यांचा धपधप आवाज झाला. “तुला काहीच कसं आठवत नाही गं? आता उद्या!”

“वय झालं बाई माझं. उद्या सांगते.”

मग बहिणीने फोन घेतला. “ताई, अगं हिच्या फ्रॉकच्या खिशात तुझं...”

“गप्प बस,” मावशी म्हणाली. “डाव मोडू नकोस.”

फोन ठेवून तिने मोठा दिवा लावला आणि घरभर हिंडून मोजायला लागली. मोजपट्टी. खडू. तेलाची कुपी. इस्त्री. मग फळीवरचा गुंड्यांचा डबा तिने खाली काढला आणि हलवून पाहिला. यातल्या गुंड्या सुट्या सुट्या धरून रोज एक चुकीचं उत्तर दिलं, तर बरीच वर्षं निघाली असती.