कापसाच्या भाषणाचा डबा

एकतीस वर्षं मी लेनिनग्राडमध्ये रेडिओच्या टेपा सांभाळल्या, आणि जी सांभाळायची होती नेमकी तीच घालवली.

ग्लेब अनिचकोव चेलो वाजवायला बसला की आमचा चौकीदारसुद्धा दारात येऊन उभा राहायचा. चौऱ्याहत्तर साली तो परदेशी दौऱ्यावर गेला आणि तिकडेच राहिला. त्याच्यासोबत पियानो वाजवायची ती त्याची बायको, रिम्मा. तिला मात्र सरकारनं इथून हलू दिलं नाही. वर्षभरात न्यूमोनियानं गेली बिचारी. मग हुकूम आला, ग्लेबच्या सगळ्या टेपा पुसा. मी पुसल्या. याच हातांनी, खोटं कशाला बोलू?

एक तेवढी ठेवली, दोघांची शेवटची. पक्षाच्या बड्या नेत्याचं कापसाच्या पिकावरचं भाषण होतं, त्याच्या डब्यात ती दडवली. म्हटलं, याला हात लावायची कुणाची टाप आहे? स्वतः मात्र ती कधी ऐकली नाही. तेवढी हिंमतच झाली नाही.

पुढे सरकारच कोसळलं. मी लगेच ग्लेबला पत्र टाकलं, तुझी टेप आहे, ये. आणि बटाटे काढायला गावी गेले. त्याच आठवड्यात नव्या साहेबांनी नेत्यांची भाषणं आधी भट्टीत घातली. केवढी शहाणी मी.

हिवाळ्यात ग्लेब माझ्या घरी आला. हातात काठी, बोटं थरथरती.

"झिना, अजून जॅम चोरून खातेस का गं?" चहा ढवळत त्यानं विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. चिडला असता तर बरं झालं असतं.

"शेवटचा सूर संपल्यावर रिम्मा काहीतरी बोलली होती," तो म्हणाला. "टेपवर आलं होतं ते. काय बोलली, तेच आठवत नाही. इतकी वर्षं डोकं फोडतोय. तू तरी ऐकलं असशील ना?"

मी जॅमची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"ऐकलं की," मी म्हणाले. "'दमलास ना, ग्लेबुश्का? असाच बस जरा,' असं म्हणाली."

"बस जरा," तो पुटपुटला. "हो, तिचंच बोलणं." आणि लहान पोरासारखा हमसून रडला.

वसंतात तो गेला. रिम्माशेजारीच पुरलाय. दगडावर त्याचं नाव आहे आणि खाली तेच शब्द कोरलेत. दुरून दुरून माणसं येतात, ते वाचून डोळे पुसतात.

मी दर रविवारी दोन फुलं नेते. ग्लेबसमोर काही वाटत नाही. रिम्माकडे मात्र बघवत नाही. तिचे शेवटचे शब्द मी भट्टीत जाऊ दिले, आणि वर माझे तिच्या तोंडी घातले.