कोकरे वस्तीचा कल

रस्त्यासाठी टाकलेली खडी जेसीबी परत डंपरमध्ये भरायला लागला, तेव्हा कुशाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. पाला तिथंच सोडून ती रस्त्यावर आली.

पाटसपासून आत चार किलोमीटरवर कोकरे वस्ती. अठ्ठावीस घरं, सगळी धनगरांची. बारा वर्षं अर्ज केल्यावर खडी आली होती आणि आठवडाही झाला नाही तोच चालली होती. डंपरशेजारी हौसराव उभा होता. गावातल्या पुढाऱ्याचा उजवा हात.

"काय रं हौसराव, खडी कुठं चालली?"

"गावठाणात, नानी. वस्तीचं विधानसभेनंतर बघू."

"का म्हनून?"

हौसरावानं मोबाईल काढला. त्याला लपवायचं नव्हतंच. "सर्व्हे झालाय. राज्याचा कल कुणीकडं, घराघराचा कुणीकडं, समदं हाय यात. तुमची अठ्ठावीसच्या अठ्ठावीस घरं दुसऱ्या आघाडीकडं. मग खडी त्यांनाच मागा की."

"आमच्या घराचं कुणी सांगितलं तुला?"

"तुमचं नाव हाय की यात. कुशाबाई म्हस्कू कोकरे, वय सहासष्ट. दुसरी आघाडी, नक्की."

तो हसला. कुशाबाईला वाचता येत नव्हतं, पण ती त्या काचेकडं बघत राहिली. तिचं लग्न होऊन अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. मेंढरं घेऊन ती कोकणात उतरायची तेव्हा एकदा मतदानासाठी ट्रकमध्ये बसून रात्रभर प्रवास करून परत आली होती. एवढ्या वर्षांत नवऱ्यानं, म्हस्कूनं, किती वेळा विचारलं, एकदा तर हात उगारला, तरी बटण कुठलं दाबलं ते तिनं सांगितलं नव्हतं. जमीन म्हस्कूच्या नावावर, मेंढरं सासऱ्याच्या नावावर. मत तेवढं तिचं होतं.

ती घरी आली. सून प्रतिभा पाण्याच्या मोटारीपाशी धुणं धूत होती. बी.ए. झालेली. नवरा ज्ञानेश रांजणगावला कंपनीत, आठवड्यातून एकदा यायचा. मागच्या महिन्यात प्रतिभा गळ्यात कार्ड घालून, टॅब घेऊन गावोगाव फिरत होती. एका चॅनेलसाठी सर्व्हे, असं तिनंच सांगितलं होतं.

"प्रतिभे, तू मला इचारलं हुतंस. मी काय म्हनले?"

प्रतिभाच्या हातातला पिळा तसाच राहिला. "ते सांगायचं नसतं, असं तुमी म्हनाला हुता."

"मग त्या हौशाच्या मोबाईलात काय हाय?"

प्रतिभानं पिळा परत पाण्यात बुडवला. कुशाबाईनं धुण्याची बादली लाथेनं उडवली.

"बोल की!"

मग प्रतिभानं सगळं सांगितलं. रोज तीस फॉर्म भरायचे. बायका म्हणायच्या मालकांना विचारा, मालक म्हणायचे नंतर या. शिरूरच्या ऑफिसातला सुपरवायझर सत्यजीत म्हणाला, ताई, 'ठरलं नाही' जास्त आलं की फॉर्म वरून परत येतात. वस्तीवर कशाला फिरता, आडनाव बघा आणि टिक करा, तुमच्या लोकांचं ठरलेलंच असतं. तिला राग आला होता. पण एका दुपारी ओसरीवर बसून तिनं अठ्ठावीस घरांचे फॉर्म भरून टाकले.

"नावं लिहिलीस?"

"त्ये म्हनले, नावं फक्त तपासणीला. कुनाला दाखवत न्हाईत."

"आन् माझ्यापुढं? मी समोर भाकरी थापत बसले हुते ना गं?"

"व्हय, आत्या."

"मालकानं मारायला हात उचलला तरी मी सांगितलं न्हाई. आन् तू बसल्या जागी देऊन टाकलंस." कुशाबाईचा आवाज चिरकला. "चोरी केलीस तू. माझ्या घरात बसून."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबाई लुगडं बदलून उभी राहिली. "चल. कुठं हाय तुझं हाफिस?"

चौफुल्याला गाडी बदलून, न्हावऱ्यावरून दोघी शिरूरला पोचल्या. ऑफिस म्हणजे मोबाईलच्या दुकानावरची खोली. चार मुली टॅब घेऊन बसल्या होत्या. भिंतीवरच्या स्क्रीनवर महाराष्ट्राचा नकाशा, दोन रंगांत रंगवलेला.

"मावशी, बसा, पाणी घ्या," सत्यजीत म्हणाला.

"पानी नगं. माझं नाव काढ त्यातनं."

"अहो, नाव नसतंच. आपण फक्त टक्केवारी देतो."

"मग हौसरावानं माझं नाव, वय वाचलं ते कुठनं?"

सत्यजीतनं प्रतिभाकडं बघितलं. "ताई, हे तुम्ही घरी बोलायचं नव्हतं."

"यादी कुणाला दिली, सर?" प्रतिभानं विचारलं.

"ते वरचं काम आहे. मला माहीत नाही. आणि डेटा गेला, आता काही निघत नाही."

"गेला म्हंजी?" कुशाबाई टेबलावर हात आपटून म्हणाली, "माझी शेळी चोरून बाजारात इकलीस, आन् वर सांगतोस गेली?"

"आवाज वाढवू नका. फॉर्म तुमच्या सुनेनं भरलाय, मी नाही."

ते खरंच होतं, आणि त्यानंच प्रतिभाचं डोकं फिरलं. तिनं पिशवीतून टॅब आणि कार्ड काढून टेबलावर आदळलं आणि त्या चार मुलींकडं वळली. "मी अठ्ठावीस घरं खोटी भरली. आडनाव बघून. तुम्हाला पन तेच सांगितलंय ना?" तिघींनी माना खाली घातल्या. चौथी, पुतळाबाई नावाची, म्हणाली, "मी शंभर भरलेत."

दोघी खाली उतरल्या. नाव निघालं नव्हतं.

त्या संध्याकाळपासून प्रतिभा वस्तीवर घरोघर गेली आणि प्रत्येक दारात आपण काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं. कुणी शिव्या दिल्या. साखरबाईनं, जिच्याकडं ती रोज विरजण मागायला जायची, दार लावून घेतलं. रस्ता तुझ्यामुळं गेला, असं एका म्हाताऱ्यानं सुनावलं. कुशाबाई तिच्याबरोबर गेली नाही आणि तिला अडवलंही नाही.

प्रचार सुरू झाल्यावर दोन्ही आघाड्यांची माणसं वस्तीवर आली. मावशी, कुणीकडं? बायका सांगायच्या, "तुमच्या मोबाईलात बघा की." हौसराव आला तेव्हा कुशाबाईनं त्याला ओसरीवर चढू दिलं नाही.

निकालाच्या दिवशी चॅनेलवाला ओरडून सांगत होता, आमचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. प्रतिभाच्या फोनवर सत्यजीतचा मेसेज आला, बघा ताई, बरोबरच आलं ना. राग तिच्या पार मस्तकात गेला. अंदाज चुकेल आणि खोटं उघडं पडेल, एवढीच तिला आशा होती. तिनं लिहिलं, "माझी अठ्ठावीस घरं धरून बरोबर आलं, का सोडून?"

ओसरीवर बसलेल्या म्हस्कूनं कुशाबाईला हळूच विचारलं, "आता तरी सांग, कुनाला दिलंस?"

"तुमाला काय करायचंय?" ती म्हणाली.

ती प्रतिभाशी कामापुरतंच बोलायची. पुढच्या सोमवारी तिनं सुनेपुढं कोरा कागद टाकला.

"दौंडला तहसीलदाराकडं जायचंय. रस्त्याचा अर्ज लिही. मी सांगते तेवढंच लिही. एक अक्षर तुझ्या मनाचं घातलंस तर हात मोडीन."

प्रतिभानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. कुशाबाईनं ते पुन्हा वाचायला लावलं, आणि मग तिसऱ्यांदा.